दोन वह्यांची साक्ष

श्रोते हो, दुकानदाराची खतावणी आणि गिऱ्हाइकाजवळची उधारीची वही, या दोन्ही जुळल्या म्हणजे तंट्याला जागा राहत नाही. एकाच वहीवर कोण भरवसा ठेवील? बिनतारी यंत्रावरून देशोदेशींच्या माणसांशी संभाषण करणाऱ्या हौशी मंडळींनाही हाच प्रश्न पडला, आणि तो सोडवता सोडवता त्यांची वही कागदावरून थेट इंटरनेटवर जाऊन पोचली. तिचीच ही हकिकत.

या मंडळींना जगभर ‘हॅम’ म्हणतात. परीक्षा द्यावयाची, सरकारी परवाना घ्यावयाचा, संकेतनाव मिळवावयाचे आणि घरच्या यंत्रावरून बोलावयाचे. यात कमाई काही नाही, निव्वळ हौस. मात्र प्रत्येक संभाषण नोंदवहीत उतरले पाहिजे. तारीख, वेळ, समोरच्याचे संकेतनाव, कोणती लहर, आवाज कसा आला, एवढे त्या ओळीत असते. तिलाच लॉगबुक म्हणतात.

या नोंदीचे मोल केव्हा कळले? डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील हौशी मंडळींनी आपल्यातल्या पॉल गॉडली यांना स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, आर्ड्रोसन या गावी पाठवले. अमेरिकेतील घरगुती यंत्रांचे संकेत अटलांटिक महासागर ओलांडून येतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. ऐन हिवाळ्यात गॉडलींनी तंबू ठोकला, सुमारे तेराशे फूट लांब तार ताणली आणि रात्र रात्र कान देऊन बसले. संकेत आले! पण एकट्याने ऐकले ते जगाने का मानावे? म्हणून मार्कोनी कंपनीचा एक निरीक्षक साक्षीला शेजारी बसला होता. वेळेनिशी केलेली नोंद आणि तिला साक्षीदार, यामुळे ती गोष्ट पक्की ठरली.

पुढची गोष्ट तर शिक्षकबंधूंनी वर्गात सांगावी अशी आहे. १८ ऑक्टोबर १९२४. न्यूझीलंडमधील फ्रँक बेल हे मेंढ्या पाळणारे शेतकरी, आणि लंडनच्या मिल हिल शाळेतला सेसिल गॉयडर हा अठरा वर्षांचा विद्यार्थी. या दोघांनी पृथ्वीच्या दोन टोकांवरून एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण केली. हेच गॉयडर १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचे मुख्य अभियंता म्हणून आपल्या देशात आले, आणि येथील लघुलहरींची केंद्रे उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

आता पाहा, बेल यांच्याकडे तेव्हा संध्याकाळ होती आणि गॉयडरकडे सकाळ. दोन वह्या जुळावयाच्या तर घड्याळ एकच हवे. म्हणून जगभरचे हॅम नोंदीसाठी पूर्वी ग्रिनिचची वेळ धरीत. आज तिलाच जागतिक वेळ म्हणतात. आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. पंधरा ऑगस्टला पहाटे तीन वाजता पुण्यात कुणी बोलला, तर तो वहीत चौदा ऑगस्ट, रात्रीचे साडेनऊ असे लिहील. मुलांना वजाबाकीचे असे जिवंत उदाहरण दुसरे कुठे मिळणार?

साक्ष पटावी म्हणून दोघे एकमेकांना पोस्टाने कार्डे पाठवीत. आजही पाठवतात. पण कार्ड पोचायला महिने लागत, कधी वर्षेही लागत. मग संगणक आला. १९९६ मध्ये नोंदी लिहिण्याची एक समान पद्धत ठरली, त्यामुळे एका प्रोग्रॅमची वही दुसऱ्याला वाचता येऊ लागली. २००३ मध्ये अमेरिकन हौशींच्या संघटनेने ‘लॉगबुक ऑफ द वर्ल्ड’ सुरू केले. यात आधी परवान्याची शहानिशा होते, मग प्रत्येक जण आपली नोंद संगणकी सहीने पाठवतो. दोघांची संकेतनावे आणि लहर जुळली, वेळेत अर्ध्या तासाहून अधिक फरक नसला, म्हणजे संभाषण सिद्ध झाले. त्याच दुकानदार-गिऱ्हाइकाच्या वह्या, बरं का! जुळवणारा तेवढा बदलला.

अलीकडे क्लाउडलॉग, वेव्हलॉग यांसारख्या विनामूल्य वह्याही निघाल्या आहेत. त्या इंटरनेटवरून उघडतात. डोंगरावर छावणी टाकलेला हॅम मोबाइलवर नोंद करतो आणि घरी परतेपर्यंत ती वहीत बसलेली असते.

पण सोयीबरोबर परावलंबनही येते. मे २०२४ मध्ये त्या अमेरिकन संघटनेच्या संगणकांवर चोरट्यांनी हल्ला केला. लॉगबुक ऑफ द वर्ल्ड १ जुलैपर्यंत बंद राहिले. नोंदी शाबूत होत्या, असे संघटनेने कळवले. तरी तोवर अनेकांच्या जिवाला घोर लागला असेल. ज्याने आपली प्रत घरी ठेवली होती, त्याला मात्र काळजीचे कारण नव्हते.

तेव्हा वही कुठेही ठेवा, पण एक प्रत आपल्या हाताशी असू द्या. आणि शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. प्रक्षेपणाला परवाना लागतो. रेडिओवरची केंद्रे ऐकायला मुलांना फक्त कान आणि वही पुरे. शाळेतल्या रेडिओवर कोणते केंद्र, कोणत्या वेळी, कसे ऐकू आले, हे त्यांना रोज लिहू द्या. दोन मुलांनी वेगवेगळे लिहावे आणि शनिवारी वह्या ताडून पाहाव्या. खरे लिहिण्याची सवय अशीच लागते.