बॉल पायथन : हाताळणीची सवय

बॉल पायथन या पाळीव अजगराला माणसाच्या हाताची भीती वाटेनाशी व्हावी, यासाठी टप्प्याटप्प्याने अवलंबायची संगोपनपद्धती. घरी नव्याने आलेला आणि स्वभावतः बुजरा असलेला साप हाताला सरावण्यास काही आठवडे ते काही महिने लागतात. हा वेग सापाच्या वागण्यावरून ठरवायचा असतो, पाळणाऱ्याच्या उत्सुकतेवरून नव्हे.

प्राणी व त्याचा स्वभाव : बॉल पायथन (शास्त्रीय नाव पायथन रेजियस) हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील गवताळ आणि विरळ झाडीच्या प्रदेशात आढळणारा बिनविषारी साप आहे. शॉ या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने 1802 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. पूर्ण वाढलेला साप साधारणतः 1 ते 1.5 मी. लांब असतो. मादी नरापेक्षा मोठी असते. चांगल्या देखभालीत तो 20 ते 30 वर्षे जगतो. दिवसा तो उंदीर-घुशींच्या बिळांत किंवा वारुळांत दडून राहतो व अंधार पडल्यावर भक्ष्य शोधतो. घाबरला की पळून जाण्याऐवजी किंवा चावण्याऐवजी तो डोके मध्ये घेऊन अंगाचा घट्ट गोळा करतो. नवख्या सापाचा बुजरेपणा हा दोष नाही. शिकारी पक्षी व सस्तन प्राण्यांपासून वाचण्याचे ते त्याचे साधन आहे. बेनिनमधील विदा या गावी अजगरांचे मंदिर आहे. तेथील वोदुन परंपरेत हे साप पवित्र मानले जातात आणि घरात शिरलेला साप अलगद उचलून मंदिरात परत नेला जातो.

घाना, टोगो व बेनिन या देशांतून पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी हे साप मोठ्या संख्येने बाहेर पाठवले गेले आहेत. जंगलातून पकडलेल्या सापाच्या अंगावर गोचिड्या असू शकतात आणि तो अधिक काळ भेदरलेला राहतो. संगोपनात जन्मलेले पिल्लू तुलनेने लवकर रुळते. म्हणून साप निवडताना त्याचा उगम विचारणे ही हाताळणीची पहिली पायरी ठरते.

सरावण्याची प्रक्रिया : एखादी गोष्ट वारंवार घडली आणि तिच्यातून अपाय झाला नाही, तर तिला दिलेला प्रतिसाद हळूहळू क्षीण होतो. अमेरिकेतील कॉटनमाउथ या विषारी सापांवरील अभ्यासातही माणसाशी पुन्हापुन्हा सामना झाल्यावर त्यांचा बचावाचा पवित्रा सौम्य झाल्याचे आढळले आहे. उलट, प्रत्येक वेळी दांडगाई झाली तर भीती वाढत जाते. साप कुत्र्यासारखा लळा लावून घेत नाही. या हातापासून धोका नाही, एवढे त्याला उमगणे म्हणजेच हाताळणीचे यश, आणि ते थोडके नाही.

नवे घर : घरी आणल्यावर किमान एक ते दोन आठवडे सापाला हात लावू नये. पाणी बदलणे आणि घाण काढणे एवढेच करावे. पेटीच्या उबदार टोकाला 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला 25 ते 27 अंश सेल्सिअस तापमान ठेवावे. दोन्ही टोकांना अंग जेमतेम मावेल अशी लपायची एकेक जागा असावी. एकच जागा असली, तर ऊब आणि सुरक्षितता यांतून एकाची निवड करणे सापाला भाग पडते. या सापाला हवेत मध्यम ते थोडी अधिक आर्द्रता लागते. तो सलग दोन-तीन वेळा नीट जेवला, की रुळू लागला असे समजावे. ही जात उपवासासाठी प्रसिद्ध आहे. भेदरलेल्या सापाला आधी हाताळून मग खायला घालण्याचा आग्रह धरल्यास उपवास लांबतो.

पहिला स्पर्श : हात साबणाने धुऊन घ्यावेत. उंदराचा वास असलेला हात त्याला भक्ष्य वाटू शकतो. वरच्या ओठावरील उष्णतासंवेदी खळग्यांमुळे अंधारातही त्याला उबदार हाताचा सुगावा लागतो. हात वरून खाली आणू नये, कारण शिकारी पक्ष्याचा हल्ला वरूनच होतो. बाजूने, सावकाश आणि सापाला दिसेल असा हात न्यावा. काही पाळणारे आधी आकड्याने किंवा कागदाच्या गुंडाळीने अंगाला हलकासा स्पर्श करतात. हा स्पर्श नेहमी खाण्याच्या वेळेपासून वेगळा ठेवला, तर ‘आता जेवण नाही’ ही खूण सापाला पटते. सुरुवातीचे काही दिवस दार उघडून हात आत स्थिर ठेवावा आणि जिभेने त्याला हाताचा गंध टिपू द्यावा.

उचलणे : शरीराच्या मध्यभागाखाली एक हात व मागील भागाखाली दुसरा हात घालून उचलावे. डोके किंवा मान पकडू नये, शेपटीला धरून लोंबकळवू नये. आधार मिळाल्यास साप हाताभोवती सैलसर वेटोळे घेतो. तो पुढे सरकेल तसा पुढचा हात त्याच्या खाली द्यावा. हे जमिनीजवळ, बसून करावे, म्हणजे पडून इजा होण्याचा धोका राहत नाही. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे पाच मिनिटे पुरतात. साप निवांत वाटू लागल्यावर वेळ दहा-पंधरा मिनिटांपर्यंत वाढवावा.

कधी टाळावे : खाल्ल्यानंतर किमान 48 तास हाताळू नये, अन्यथा तो गिळलेले भक्ष्य ओकून टाकू शकतो व ते त्याच्या प्रकृतीला घातक ठरते. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ होतात, दृष्टी मंदावते आणि साप चिडचिडा होतो. त्या काळातही हात लावू नये.

ताणाची लक्षणे : अंगाचा घट्ट गोळा, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे घेणे, फुत्कार, झटक्याने अंग आखडणे आणि दुर्गंधी द्रव सोडणे ही ‘पुरे’ असे सांगणारी चिन्हे होत. अशा वेळी हालचाल थांबवावी. तो थोडा सैलावल्यावर पेटीत ठेवावा. जिभेची संथ, नियमित हालचाल आणि अंगाची सैल चाल ही निवांतपणाची चिन्हे होत. साप चावून धरून बसला, तर हिसका देऊन ओढू नये. त्याचे दात मागे वळलेले असल्याने ओढल्यास माणसाची जखम वाढते व सापाचेही दात मोडतात.

आरोग्य : सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जीवाणू असू शकतात. म्हणून हाताळल्यानंतरही हात धुवावेत आणि स्वयंपाकघरात साप नेऊ नये. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गर्भवती व प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या व्यक्तींनी साप हाताळणे टाळावे.

भारतातील कायदा : नाग, धामण, भारतीय अजगर यांसारखे देशी साप पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. बॉल पायथन साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असून, अधिनियमाच्या 2022 मधील सुधारणेनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. या नोंदीतील कोणतीही पद्धत घरात किंवा शेतात निघालेल्या सापावर वापरू नये. जंगली साप सरावलेला नसतो आणि तो विषारी असण्याची शक्यता असते. अशा वेळी दूर राहून सर्पमित्राला किंवा वन विभागाला, महाराष्ट्रात 1926 या क्रमांकावर, कळवावे.