कुरे : आरमार गेले, माणसे उरली

मागच्या भागानंतर बडोदे, इंदूर, बेळगावहून एकच विचारणा आली : युद्ध हरलेल्या बंदराचे पुढे होते काय? आज त्यासाठी जपानमधले कुरे घेऊ. हिरोशिमाच्या शेजारी असल्यामुळे ते नेहमी झाकोळले जाते.

या गावाचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते बेळगावला, पलटणीच्या मेळाव्यात. १९४६ साली पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण राष्ट्रकुल सैन्याबरोबर जपानला गेली होती. ब्रिगेड नंतर थिमय्यांकडे आली. तेव्हा कोवळा शिपाई असलेले एक पेन्शनर सुभेदार मला म्हणाले, "साहेब, धक्क्यावर लोखंड लई पडलं होतं, माणसं कमी."

हे वाक्य आकड्यांशी ताडून पाहा. युद्धाच्या ऐन भरात कुरेची वस्ती ४ लाखांवर होती आणि १९४५ संपताना ती दीड लाखाच्या आसपास आली. मात्र अडीच लाख माणसे मेली, असा याचा अर्थ नव्हे. ही चूक पुष्कळ जण करतात. बॉम्बहल्ल्यांत माणसे मेली, जुलैच्या सुरुवातीला एका रात्रीत शहराचा मध्यभाग जळाला, हे खरेच. पण बहुतेक लोक निघून गेले, कारण मुळात ते इथले नव्हतेच. १८८९ मध्ये इथे नौदलाचा तळ झाला, मग शस्त्रागार आले. 'यामातो' ही प्रचंड युद्धनौका इथल्याच गोदीत बांधली गेली. एकाच मालकाच्या पगारावर शहर फुगले होते. मालक गेला तशी हजेरीही गेली.

वर निसर्गही उलटला. शरणागतीला जेमतेम महिना होतो तोच, १७ सप्टेंबरला वादळ आले. डोंगरउतारावरची घरे दरडींखाली गेली आणि एकट्या कुरेत हजाराहून अधिक माणसे दगावली. बॉम्बमधून वाचलेली माणसे चिखलात गेली. मला या शहराच्या इतिहासातले सर्वांत जड पान हेच वाटते.

मग पोट कशावर भरायचे? आधी विजेत्यांच्या छावणीवर. राष्ट्रकुल सैन्याचा मुख्य तळ कुरेतच होता. तिथे हमाली, स्वयंपाक, धुलाई, दुभाषेगिरी अशी कामे हजारो जपानी स्त्री-पुरुषांना मिळाली. छावणीच्या गावात राहिलेल्याला हे अर्थकारण समजावून सांगावे लागत नाही. देवळाली किंवा महू डोळ्यांसमोर आणा.

खरे वळण १९५० चे. चार जुन्या नौदल शहरांसाठी जपानच्या संसदेने कायदा केला : नौदलाची जमीन आणि इमारती शांततेच्या उद्योगांना द्यायच्या. नव्या राज्यघटनेप्रमाणे तिथल्या नागरिकांचे मतही घेतले गेले आणि लोकांनी भरभरून होकार दिला. पुढच्याच वर्षी डॅनियल लुडविग या अमेरिकन जहाजमालकाच्या कंपनीने गोदी भाड्याने घेतली. 'यामातो' बांधणारी क्रेन, गोदी आणि कारागीर आता तेलवाहू जहाजे बांधू लागले. एक लाख टनांहून अधिक भार वाहणारे जगातले पहिले तेलवाहू जहाज, 'युनिव्हर्स अपोलो', इथेच बांधले गेले. शस्त्रागाराच्या जमिनीवर पोलाद कारखानाही उभा राहिला. आपण यंत्रे मोजतो, पण इथे खरे भांडवल होते ते वेल्डर, फिटर आणि आराखडे काढणारे.

वस्ती १९५० मध्ये १ लाख ९० हजारांच्या आत होती, ती १९७५ पर्यंत २ लाख ४० हजारांवर गेली. पाव शतकाची भरभराट होऊनही ४ लाखांचा आकडा पुन्हा आला नाही. पुढे २००५ च्या सुमारास आसपासची बेटे आणि गावे शहरात सामील झाली, म्हणून आकडा थोडा वर दिसतो. तेवढ्यावर फसू नका.

पोलाद कारखान्याच्या भट्ट्या २०२१ मध्ये विझल्या आणि २०२३ मध्ये कारखाना पूर्ण बंद झाला. २०२४ साली जपानच्या संरक्षण मंत्रालयाने ती जागा आपल्याला हवी असल्याचा प्रस्ताव मांडला.