राखण कशाची? हिंगोलीच्या मुलखातील कुत्रा आणि त्याची जात

घराच्या राखणीसाठी कुत्र्याची एखादी जात पसंत करून, पैसे मोजून पिल्लू आणण्याची पद्धत हिंगोलीच्या परिसरात अलीकडची आहे. पैनगंगा आणि पूर्णा या नद्यांच्या दरम्यानचा, मधून कयाधू वाहणारा हा मुलूख १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन जिल्हा झाला. पूर्वी तो निजामाच्या राज्यात आणि त्याच्याही आधी राष्ट्रकूट, चालुक्य व यादव यांच्या अमलाखाली होता. या सर्व काळात येथे कुत्र्यांची वाण नव्हती. परंतु कुत्रा कोणत्या जातीचा, याची चिकित्सा दरबाराबाहेर फारशी होत नसे. मेंढपाळ, लमाण आणि शेतकरी यांना पडणारा प्रश्न वेगळा होता, तो म्हणजे कुत्र्याने राखायचे काय.

दरबारी चिकित्सेचा पुरावा मात्र जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगताना कुत्र्यांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. पण तो शिकारीच्या कुत्र्यांचा आहे, दारात बसणाऱ्यांचा नव्हे. त्याहूनही आधीचा, इ. स. ९४९-५० चा आतकूर येथील वीरगळ कर्नाटकात सापडला असून, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा मांडलिक गंग राजा बुतुग याने मणलेर नावाच्या योद्ध्याला त्याच्या पराक्रमाबद्दल ‘काळी’ नावाचा कुत्रा दिला आणि तो कुत्रा रानडुकराशी झुंजताना डुकरासह मेला, अशी हकीकत त्यावर कोरलेली आहे. योद्ध्याने बक्षीस म्हणून कुत्रा मागावा आणि त्या कुत्र्याच्या नावे दगड उभा राहावा, एवढी प्रतिष्ठा शिकारी कुत्र्याला होती. राखणीच्या कुत्र्याच्या वाट्याला शिलालेख आलेला दिसत नाही. हिंगोली जिल्ह्याशी जोडलेला सर्वांत प्रसिद्ध कुत्रा तर चोरीसाठीच ओळखला जातो: परंपरेने नरसी येथे जन्मलेले मानले जाणारे संत नामदेव यांची भाकरी पळवणारा तो कुत्रा, ज्याच्या मागे कोरडी भाकरी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, असे संतचरित्रे सांगतात.

राखणीच्या कुत्र्याचा खरा इतिहास मेंढवाड्यात शोधावा लागतो. हिंगोली, वाशीम आणि नांदेड या सलग पट्ट्यात हटकर धनगरांची वस्ती दाट असून, ‘आईन-इ-अकबरी’ने वाशीमच्या आसपासच्या हटकरांचा उल्लेख मानी आणि सहजासहजी न नमणारे लोक असा केलेला आहे. पिके निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात मेंढ्या बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचे आणि पुढच्या शिवाराकडे सरकायचे, अशा या फिरत्या व्यवसायात रात्र उघड्यावर जाते. मेंढ्यांभोवती वाघर म्हणजे दोरीचे जाळे लावले जाते. ते मेंढ्यांना आत ठेवते, पण लांडग्याला बाहेर ठेवू शकत नाही. ती जबाबदारी कुत्र्याची असते. या कुत्र्याचा गुण पाठलागात नसतो, कारण लांडग्याच्या मागे दूर धावत गेलेला कुत्रा दुसऱ्या लांडग्यासाठी वाडा मोकळा सोडतो; त्याने कळप न सोडता आडवे उभे राहायचे आणि धनगर काठी घेऊन येईपर्यंत भुंकत राहायचे असते. शिकारी कुत्र्यात जो दोष ठरेल, तोच येथे गुण ठरतो.

असा कुत्रा घडतो तो बव्हंशी वाढवण्यातून. वाड्याजवळ जन्मलेले पिल्लू डोळे उघडल्यापासून कोकरांच्या अंगाशी निजते, ज्वारीची भाकरी ताकात कुस्करून दिलेली खाते आणि मेंढीचा वास हाच आपल्या माणसांचा वास समजू लागते. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर या अमेरिकी अभ्यासक दांपत्याने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप व आशियातील कळपराख्या कुत्र्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा साधारण सोळा आठवड्यांच्या आतला सहवास कुत्र्याची निष्ठा कोणाशी जडेल हे मोठ्या प्रमाणात ठरवतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. धनगरांना तो शिकवावा लागला नसता.

पिल्लू निवडताना काही खुणा पाहिल्या जातात. त्यांपैकी ग्रामीण महाराष्ट्रात सर्वांत मानाची खूण ‘वीस नखी’ ही आहे. सर्वसाधारण कुत्र्याला पुढच्या प्रत्येक पायास पाच आणि मागच्या प्रत्येक पायास चार, अशी एकूण अठरा नखे असतात. मागच्या पायांवर आतल्या बाजूने लोंबणारे एकेक जादा नख असले की वीस होतात, आणि असा कुत्रा वाघालाही भीत नाही असे मानले जाते. जादा नख आनुवंशिक असते आणि युरोपातील पिरेनीज पर्वतातल्या कळपराख्या कुत्र्यांत तर ते दुहेरी आढळते. मात्र त्याचा धैर्याशी संबंध असल्याचे सिद्ध झालेले नाही. ते नख एका विशिष्ट वंशाची निशाणी म्हणून उपयोगी पडले असावे, असे फार तर म्हणता येईल.

लमाणांच्या तांड्यावर कुत्र्याला राखायचा असे तो चालता माल: बैलांच्या पाठीवरच्या गोण्या, मीठ आणि धान्य. या संदर्भात मध्य भारतात सर्वत्र पसरलेली एक दंतकथा लक्षणीय आहे. पैशाची नड पडलेल्या लमाणाने सावकाराकडे आपला कुत्रा तारण ठेवला. सावकाराकडे चोरी झाली, कुत्र्याने माल हुडकून दिला, आणि खूश झालेल्या सावकाराने कर्ज फिटल्याची चिठ्ठी गळ्यात बांधून त्याला परत पाठवले. पण तो पळून आला असे समजून लमाणाने त्याला ठार केले आणि चिठ्ठी नंतर वाचली. छत्तीसगडमधील बालोदजवळच्या खपरी गावी कुकुरदेवाचे मंदिर याच कथेशी जोडलेले आहे. कथा खरी असो वा नसो, कुत्रा तारण म्हणून चालू शकतो, म्हणजे त्याला पैशात मोजता येणारी किंमत आहे, ही कल्पना तीत गृहीत धरलेली आहे, आणि ती किंमत जातीची नसून कामाची आहे.

गावात चित्र निराळे होते. वेशीवर येसकर, रात्री फिरणारा जागल्या आणि धनिकाच्या वाड्यावर पगारी रोहिले किंवा अरब, अशी निजामी मराठवाड्यातील राखणीची माणसांवर उभी असलेली व्यवस्था होती. गावातले कुत्रे कोणा एकाचे नसत, आळीचे असत, आणि शिळ्या भाकरीच्या मोबदल्यात ते अनोळखी पावलांची वर्दी देत. या व्यवस्थेची मर्यादा हिंगोलीतच दिसली. निजामाच्या फौजेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगितल्याप्रमाणे, हिंगोलीच्या छावणीत प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरणारा हरी सिंग हा ठगांचा म्होरक्या निघाला. ओळखीच्या माणसावर कुत्रा भुंकत नाही, आणि पहारेकरीही नाही.

हिंगोलीची छावणी हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने उभारलेल्या पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेची होती, आणि हे दल १९०३ मध्ये भारतीय सैन्यात विलीन होईपर्यंत ती टिकली. कुंपण, फाटक आणि बंगला ही रचना छावणीने आणली, आणि एका कुटुंबाचा, त्याच्याच आवारात राहणारा कुत्रा ही कल्पना त्या रचनेतच बसते. बंगल्यासाठी पुढे लोकप्रिय झालेल्या जाती मात्र याहून उशिराच्या आहेत. जर्मन शेफर्ड ही जात १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानिट्झ याने आखून दिली; पहिल्या महायुद्धानंतर ‘जर्मन’ हा शब्द नकोसा झाल्याने ब्रिटनने तिला ‘अल्सेशियन’ म्हटले, आणि ब्रिटनमध्ये पुढे मागे पडलेले ते नाव मराठी घरांत अजून चालते. डोबरमन ही जात जर्मनीतील आपोल्डा गावच्या कार्ल फ्रीडरिष लुइस डोबरमन या करवसुली करणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या संरक्षणासाठी जोपासली. वसुलीचे पैसे घेऊन फिरणारा हा माणूस लमाणाच्या गरजेपासून फार दूर नव्हता.

मराठवाड्याच्या स्वतःच्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींपैकी कारवानी आणि तिचा कान, पाय व शेपटीवर लांब केस असलेला प्रकार पश्मी यांची आज राखणीचे कुत्रे म्हणून विक्री होते, आणि येथे गोंधळ होतो. व्यापारी तांड्यांबरोबर पश्चिम आशियातून आलेल्या कुत्र्यांपासून ही जात झाली, असे मानले जाते. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी पंचम जॉर्जला याच कुळातील जोडी भेट दिली, २००५ मध्ये मुधोळ हाउंडचे टपाल तिकीट निघाले, आणि पुढे लष्कराच्या मेरठ येथील केंद्रातही हे कुत्रे गेले. पण मुळात हा कुत्रा नजरेने सावज हेरून मोकळ्या माळावर ते वेगाने गाठणारा शिकारी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते काम बंद पडले. अनोळखी माणसाला तो जवळ येऊ देत नाही हे खरे, तरीही दूर राहण्याचा स्वभाव आणि दार न सोडण्याचा स्वभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पश्मीच्या रुबाबावर भाळून तो दारी बांधणारा खरेदीदार आतकूरचा कुत्रा मेंढवाड्यावर नेमतो आहे.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते, तेव्हा घोडे आणि कोंबड्यांबरोबर कुत्र्यांचेही प्रदर्शन असते. कुत्रा हा खंडोबाचा सोबती. देवाचे कुत्रे म्हणवून घेणारे वाघ्ये पूर्वी कोटंब्यात, म्हणजे लाकडी पात्रात, अन्न घेऊन कुत्र्यासारखे भुंकून खात. देवाच्या दारात असा मान मिळवणाऱ्या प्राण्याचे आज त्याच आवारात उंची आणि दात पाहून परीक्षण होते.

शेतातली वस्ती, जिला या भागात आखाडा म्हणतात, तेथे कुत्र्याची गरज अजून टिकून आहे: रानडुकरे, रोही, मोटारीची तार चोरणारे. जागलीला जाणारा सालगडी दिवसेंदिवस दुर्मिळ होत चालल्याने हा भार वाढलाच आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने रॉटवायलर, पिटबुल यांसह तेवीस जातींवर बंदी घालण्याची सूचना राज्यांना केली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ती रद्द ठरवली. वादाचा सगळा भर जातींच्या यादीवर राहिला. आखाड्यावर लहान मुले असतील तर पिल्लू त्यांच्यात वाढले का, दिवसभर साखळीला बांधले गेले का, रेबीजची लस टोचली गेली का, या गोष्टींना त्या यादीत जागा नव्हती. धनगराच्या वाड्यावरून आखाड्यावर आणलेले पिल्लूही मेंढ्यांऐवजी माणसांत वाढवावे लागते, आणि तेही पहिल्या चार महिन्यांत.