समता-विदा : संशोधनातील वापर व जपणूक

जात, धर्म, लिंग, भाषा, अपंगत्व यांवरून समाजातील विषमता मोजण्यासाठी गोळा केलेली माहिती म्हणजे समता-विदा. ही माहिती नसेल तर भेदभाव सिद्ध करता येत नाही. हलगर्जीपणे हाताळली तर तिच्यातूनच तो वाढतो. जनगणना अधिनियम, १९४८ च्या कलम १५ नुसार व्यक्तिगत नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत आणि सर्वसाधारणपणे पुरावा म्हणूनही चालत नाहीत.

माहिती कशी गोळा होते, हेही महत्त्वाचे; त्याबाबत २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेचा अनुभव बोलका आहे. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या होत्या. या वेळी नावे ४६ लाखांवर गेली. इतर मागासवर्गीयांच्या स्थानिक आरक्षणासाठी महाराष्ट्राने ही माहिती मागितली, तेव्हा ती सदोष असल्याचे केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. महाराष्ट्रात ४ लाखांहून अधिक नावे आली होती आणि बहुतेकांची लोकसंख्या शंभराच्या आत होती. पूर्वनिश्चित यादीविना प्रगणकाने ऐकले तसे लिहिले, की असे होणारच.

लहान आकड्यांत दुसराही धोका असतो. जयपूरमधील झोटवाड्यासारख्या वस्तीच्या एका प्रभागात एखाद्या समाजाची दोनच घरे असतील, तर नाव गाळूनही ती ओळखू येतात. म्हणून असे आकडे झाकतात किंवा मोठ्या गटांत मिसळतात.

वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये जात किंवा धर्म यांसाठी वेगळा संवेदनशील वर्ग नाही, ही त्याची मोठी उणीव. संशोधनाला सूट आहे; मात्र त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेता येत नाही.