वृक्षदर्शन : विहारयात्रा आणि धम्मयात्रा

भडोचजवळ, शुक्लतीर्थाच्या परिसरात, नर्मदेच्या पात्रातील एका बेटावर कबीरवड उभा आहे. संत कबीरांनी टाकलेल्या दातवणाच्या काडीतून हा वटवृक्ष वाढला, अशी लोकश्रद्धा आहे. पूज्य बाबासाहेबांनी ज्यांना गुरुस्थानी मानले त्या कबीरांचे नाव या वृक्षाला असावे, ही गोष्ट आपल्याला जिव्हाळ्याची वाटणे साहजिक आहे. तथापि प्रस्तुत लेखात त्याचा विचार वेगळ्या कारणाने करावयाचा आहे. केवळ एक झाड पाहावयाचे म्हणून माणसे दुरून येत, याचे सविस्तर वर्णन या वडाविषयी उपलब्ध आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जेम्स फोर्ब्स याने १८१३ मध्ये ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तो सांगतो की, या वडाचा घेर सुमारे दोन हजार फूट असून मोठी खोडे साडेतीनशे व लहान खोडे तीन हजारांहून अधिक आहेत. त्याच्या छायेत सात हजार माणसे सामावत. इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने येथे तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे मुक्काम करीत. अशाच एका मुक्कामात फोर्ब्सच्या मित्राने एक वानरी मारली व तिला तंबूत नेले. पाहता पाहता वानरांच्या कळपाने तंबूला वेढा घातला. बंदूक दाखविताच बाकीचे मागे हटले. म्होरक्या मात्र हटला नाही. तो तंबूच्या दाराशी येऊन करुण स्वरात विव्हळत राहिला. अखेर प्रेत त्याच्या स्वाधीन करण्यात आले. ते कवटाळून तो निघून गेला. हे दृश्य पाहणाऱ्यांनी पुन्हा कधीही वानरावर बंदूक न चालविण्याचा निश्चय केला.

महाराष्ट्रातही असा एक वड प्रसिद्ध होता. सातारा जिल्ह्यातील म्हसवे येथील वडाची मोजणी ली-वॉर्नर या अधिकाऱ्याने १८८२ मध्ये नोंदविली. घेर १५८७ फूट, दक्षिणोत्तर ५९५ फूट, पूर्वपश्चिम ४४२ फूट. वनस्पतीविषयक ग्रंथांतून हेच आकडे पुढे उद्धृत होत राहिले.

योगायोग असा की, त्याच १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. सोपाऱ्याचा पाठ खंडित असला तरी गिरनार आदी ठिकाणच्या पाठांवरून लेखाचा आशय पूर्ण कळतो. पूर्वीचे राजे ‘विहारयाते’ला निघत, तीत मृगया आणि तत्सम करमणुकी असत. राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर अशोक ‘संबोधी’स गेला आणि तेथून ‘धम्मयाता’ सुरू झाली. संबोधी म्हणजे बोधिवृक्षाचे स्थान, असा अर्थ बहुतेक विद्वान घेतात. येथील ‘विहार’ शब्दाने वाचकाने गोंधळून जाऊ नये. भिक्खूंच्या निवासाला आपण जो शब्द योजतो तोच येथे मौजेच्या भटकंतीसाठी आला आहे.

म्हणजे भारतीय इतिहासात एका झाडाकडे केलेल्या ज्या प्रवासाचा स्वतः प्रवाशाने कोरून ठेवलेला पुरावा आहे, तो शिकारीची सहल सोडून केलेला प्रवास होता. शिलालेखात झाडाच्या आकाराचा उल्लेखही नाही. यादी आहे ती वेगळीच : श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांचे दर्शन व त्यांना द्रव्यसाहाय्य, ग्रामीण जनतेची भेट, धम्माचा उपदेश आणि धम्माविषयी प्रश्नोत्तरे.

पालि वाङ्मयात याची पूर्वपीठिका आढळते. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांच्या जीवनातील चार स्थानांना ‘दस्सनीय’ आणि ‘संवेजनीय’ अशी दोन विशेषणे लावली आहेत. पहिल्याला आपण प्रेक्षणीय म्हणू. दुसऱ्यासाठी मराठीत नेमका शब्द नाही. ज्याने मन हादरते व जागे होते, ते संवेजनीय. पर्यटनाच्या आजच्या भाषेत पहिले विशेषण उरले, दुसरे गळाले. फोर्ब्सच्या मित्रांना मात्र ते वडाखाली नकळत भेटले, असे मला वाटते.

कालिंगबोधि जातकाच्या निदानकथेत प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. भगवंत चारिकेवर असताना श्रावस्तीचे लोक फुले घेऊन जेतवनात येत आणि गंधकुटीच्या दाराशी ठेवून परत जात. आनंदांच्या विनंतीवरून बोधिवृक्षाचे बीज आणून अनाथपिंडिकाच्या हस्ते तेथे लावण्यात आले. बोधिवृक्ष हे ‘पारिभोगिक’ चेतिय होय. तथागतांनी त्याचा उपयोग केला, हेच त्याच्या मोठेपणाचे कारण.

म्हणूनच त्या झाडाची उंची कमी-अधिक झाली तरी यात्रा थांबली नाही. सातव्या शतकात ह्युएन त्संगाने पाहिलेला वृक्ष जेमतेम चाळीस-पन्नास फुटांचा होता. शशांकाने तो तोडला, पूर्णवर्म्याने मुळांना दूध घालून पुन्हा वाढविला व भोवती तट बांधला, असा वृत्तांत तो देतो. निर्वाणदिनी पाने गळत. हजारो लोक जमून मुळांना सुगंधी जल व दूध घालीत आणि पाने वेचून नेत. पुढे १८७६ मध्ये जुना वृक्ष वादळात कोसळला आणि १८८१ मध्ये कनिंगहॅमने रोप लावले. अनुराधपुरात संघमित्रेने नेलेली शाखा वाढली आणि तेथील रोप भदन्त आनंद कौसल्यायन यांनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर लावले.

देवगाव रंगारी परिसरातून वेरूळ जवळ आहे. शाळांच्या सहली कैलास लेणे पाहून परततात. पहिल्या बारा बौद्ध लेण्यांपर्यंत त्या पोचतातच असे नाही. पोचल्या तरी तेथे मुलांशी कोणी बोलत नाही. लेणी किती फूट खोल, किती खांबांची, हे फलकावर वाचता येते. अशोकाच्या यादीतील शेवटची बाब, धम्माविषयी प्रश्न विचारणे, तिच्यासाठी अर्धा तास राखून ठेवणे शिक्षकांना अवघड नाही.