जोते आणि तळमजल्याची जमीन (पेण–रोहे परिसर)

पायाच्या वरपासून लादीपर्यंतचा घराचा भरीव भाग. थंड देशांत नव्या घराच्या जमिनीत उष्णतारोधक थरावर गरम पाण्याच्या नळ्या पसरतात. भोगावतीकाठच्या पेणमध्ये किंवा कुंडलिकेकाठच्या रोह्यात थंडी पहाटेपुरतीच असते. तेथे हा खर्च वायाच जाणार. इकडे जमिनीचे वैर ओलीशी आहे, कारण सुमारे 3,000 मिमी. पाऊस बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो.

जुन्या घरांत काळ्या दगडाच्या जोत्यात मुरूम-माती भरून ती चोपण्याने बडवत व वर शेणाने सारवत. अशी जमीन ओल शोषते आणि पुन्हा सोडते. पुढे शहाबादी लादी, मग मोझॅक आणि आता गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल आली. पावसाळी दमट हवा थंड टाइलवर आली की तिच्यातले पाणी तेथेच साचते आणि लादी पुसून थकायला होते. हा ‘घाम’ वरून येतो, खालून नव्हे. पुष्कळ घरमालक त्यासाठी उगाच गवंड्याला बोल लावतात.

जमीन खचते, तेव्हा मात्र खरा दोष बहुधा भरावात असतो. भाताच्या खाचरात घर बांधताना वरची चिकण काढून मुरूम 15–20 सेंमी.च्या थरांनी पसरावा, पाणी मारून प्रत्येक थर धुम्मसाने ठोकावा. एक पावसाळा खाल्लेला भराव उत्तम. घाई केली की दोन वर्षांत लादी पोकळ वाजू लागते. भरावावर वाळवीनाशक फवारणी, दगडी सोलिंग, जाड प्लास्टिकचा कागद, 10 सेंमी. पीसीसी (साधे काँक्रीट) आणि मसाल्यावर लादी हा चांगला क्रम. यातला प्लास्टिकचा कागद सर्वांत स्वस्त, आणि नेमका तोच गाळला जातो. भिंतीतून चढणारी ओल मात्र कागदाने अडत नाही. तिच्यासाठी जोत्याच्या माथ्यावर डीपीसीचा (ओलरोधक थराचा) पट्टा लागतो.

राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान 45 सेंमी. उंच हवे. नदीकाठी एवढ्याने भागत नाही. 1989च्या जुलैत शेजारच्या सुधागड तालुक्यात आंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा गावाची वाताहत केली. म्हणून नदीकाठी जोत्याची उंची गावातल्या जुन्या पुराच्या खुणेवरून ठरवावी. पेणच्या खारपट्ट्यात आणखी एक पथ्य: न धुतलेली खाडीची रेती मसाल्यात गेली, तर भिंतीच्या तळाशी पांढरा खार फुटतो आणि दरवर्षी रंगाचे पोपडे निघतात.