वाद्याला कोणाचा हात लागतो?

परदेशी विद्यापीठांतून गेली पंचवीसएक वर्षे एक नवे संशोधन चालू आहे. नवी वाद्ये कशी घडवावीत, आणि वाजवणाऱ्याचा हात व निघणारा नाद यांच्यामध्ये नेमके काय असावे, याचा तो अभ्यास आहे. २००१ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे या विषयावर एक कार्यशाळा झाली आणि २००२ पासून तिचेच रूपांतर आंतरराष्ट्रीय परिषदेत झाले. या मंडळींचा परवलीचा शब्द आहे ‘इंटरफेस’. साध्या मराठीत सांगायचे तर वाद्याला हात जिथे लागतो ती जागा. म्हणजे हे स्पर्शाचे शास्त्र झाले. स्पर्शाचा इतिहास आपल्याला परक्याकडून शिकायला नको.

मी भोरला महाविद्यालयात शिकवतो. घरात पदवी घेणारा मी पहिला. माझे आजोबा वेल्हे खोऱ्यातल्या एका गावी हलगी वाजवीत. त्यामुळे या संशोधनाकडे मला गावकुसाबाहेरूनच पाहता येते, आणि तिथून पाहिले की काही वेगळेच दिसते.

भोर हे पंतसचिवांचे संस्थान. १९४८ साली ते विलीन झाले, पण गावगाडा काही त्या दिवशी थांबला नाही. या गावगाड्यात वाद्येही जातवार वाटलेली होती. देवळातले वाद्य गुरवाचे, संबळ गोंधळ्याचे, दिमडी वाघ्याची, ढोल धनगराचा आणि हलगी मातंगाची. वाद्य कोणते वाजवायचे हे कानाने ठरत नव्हते, जन्माने ठरत होते. मेलेल्या जनावराच्या कातड्याला हात कोणी लावायचा, हे ज्या शास्त्राने ठरवले त्याच शास्त्राने नादाचीही वाटणी केली. हलगीवाचून गावचे लग्न लागत नसे. हलगीवाला मात्र मांडवाबाहेर उभा असे.

वस्तुतः हलगी हे मोठे कसबाचे वाद्य. धातूचे कडे, त्यावर ताणलेले कातडे, उजव्या हातात आखूड टिपरू आणि डाव्या हातात लांब बारीक काडी. मावळातल्या पावसात कातडे ढिले पडते, म्हणून वाजवण्याआधी ते जाळावर शेकून घ्यावे लागते. किती शेकायचे? जास्त झाले तर कातडे फाटते, कमी झाले तर आवाज बसतो. याचे माप कोणत्याही ग्रंथात नाही. ते आमच्या माणसांच्या बोटांत आहे. हाच तो इंटरफेस. पण याला कोणी संशोधन म्हटले नाही, बलुते म्हटले.

मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचा आदेश दिला. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. १९५६ साली धम्मदीक्षा झाली, १९५८ साली कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा आला. या काळात गावोगाव अनेकांनी ढोरकामाबरोबर गावकीचे वाजवणेही सोडले. ते संगीतावर रुसले नव्हते. सक्तीचा हात त्यांनी वाद्यावरून उचलला होता. तोच हात जलशात आपखुशीने वाद्यावर पडला. सत्यशोधक जलशाची परंपरा पुढे नेत भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. वामनदादा कर्डकांनी भीमगीत खेडोपाडी पोचवले.

याच सुमारास पेटीची काय अवस्था होती पाहा. हे वाद्य युरोपातून आलेले. पॅरिसच्या देबॅंने १८४२ साली त्याचे पेटंट घेतले. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती नीट लागत नाहीत, हा आक्षेप. बंदी तीन दशके टिकली. आमच्या गायकांना मात्र पेटीला सोवळे-ओवळे नव्हते, हेच सोयीचे होते. तिला ना घराणे लागत होते, ना वतन.

पुढे बेंजो आला. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून एक वाद्य केले. आपला बेंजो त्याचाच भाऊबंद. त्याला विजेची जोड मिळाली आणि तो मिरवणुकीत शिरला. १९८३ साली ‘मिडी’ ही यंत्रवाद्यांची सामाईक भाषा ठरली. १९८५ साली रोलंड कंपनीचा ऑक्टोपॅड निघाला. रबराच्या आठ चौकटी. त्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा आवाजच नव्हता. घाव इथे पडायचा आणि आवाज दुसऱ्या यंत्रातून यायचा. आज भोर-वेल्ह्याच्या लग्नसराईत बेंजो, कॅसिओ आणि ऑक्टोपॅड ही नेहमीची वाद्ये आहेत. पैसे साठवून ती कोणीही घेतो, कोणीही वाजवतो. रबराला विटाळ नसतो. ही मुक्ती लहान नव्हे, आणि ‘जुने ते सोने’ म्हणून गळा काढणाऱ्यांनी आधी त्या सोन्याचा भार कोणी वाहिला ते सांगावे.

परंतु हिशेब इथे संपत नाही. ऑक्टोपॅडवर काडी मारली की हलगी वाजते, ढोलकी वाजते. तो आवाज कोणातरी वादकाच्या हाताचा आहे. तो कोण, त्याला काय मिळाले? यंत्रावर कंपनीचे नाव आहे, त्याचे नाही. चार वाजंत्र्यांचे काम एकटा करतो, उरलेले तिघे पुण्याला मजुरीला जातात. नवे वाद्य जात विसरते हे खरे, पण त्याबरोबर कारागीरही विसरते.

विद्येच्या क्षेत्रातही हेच. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये तबला-मृदंगाच्या सुरेलपणाचे रहस्य मांडले, पुडीवरील शाईमुळे तिचे उपस्वर मेळात येतात हे दाखवले. २००२ साली डब्लिन येथे अजय कपूर आणि सहकाऱ्यांनी बोटांचा दाब ओळखणारा इलेक्ट्रॉनिक तबला त्या परिषदेत मांडला. दोन्ही कामे मोलाची. पण ती शाई आणि ते कातडे शतकानुशतके ज्यांनी जमवून आणले, त्यांचे नाव शोधकाच्या रकान्यात नाही. टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडवणाऱ्या दलित ख्रिस्ती कुटुंबांवर २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशनासाठी दिलेली जागा परत घेतली. मृदंगाला व्यासपीठ मिळते, तो मढवणाऱ्याच्या कहाणीला मिळत नाही.

मग आपण काय करावे? हलगी धरावी की सोडावी, हा वाद आपल्या तरुणांत चालतो. माझे म्हणणे असे की वतन आणि विद्या या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वतन सोडले, ते पुन्हा धरायचे नाही. विद्या मात्र आपली आहे आणि ती फुकट द्यायची नाही. आपल्या मुलांनी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत हलगी न्यावी, शेकल्यावर तिचा स्वर किती चढतो ते मोजावे. म्हाताऱ्या वादकांचे हात चित्रित करावेत. नावासकट, लेखी संमतीने आणि मोबदला ठरवून. आणि डाग देण्याची इस्त्री हाती घेऊन आपली वाद्ये आपणच जुळवावीत. आजवर आपण दुसऱ्याने ठरवून दिलेले वाद्य वाजवले. आता वाद्य कसे असावे हे ठरवण्याच्या कामात आपला हात हवा.